साहेब तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये

"पाच दिवस. फक्त पाच दिवसांत ऑफिसातला ताण मुळासकट उपटून टाकतो की नाही बघ," असं साहेबांनी रविवारी सकाळी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता ती म्हणाली, "सोपं आहे. पाच दिवस रजा घ्या."

बायकोचं पहिलंच वाक्य मनावर घेणारा नवरा अजून जन्माला यायचाय. साहेबांनी ते एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडून दिलं आणि वहीत 'ताणमुक्ती आठवडा' असं ठळक अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यांनी तेव्हाच रजा टाकली असती तर पुढचं रामायण टळलं असतं.

साहेब लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या एका शाखेचे मॅनेजर. शहरात कुठल्याही इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं लाल बटण दाबतं, आणि ते बटण वाजतं इथे, साहेबांच्या ऑफिसात, ताईंच्या टेबलावर. ताई बावीस वर्षं तिथे बसत होत्या. कुठली लिफ्ट पावसाळ्यात रुसते, कुठल्या इमारतीचा सेक्रेटरी खोटं बोलतो, कुठल्या मजल्यावरच्या आजोबांना अडकल्यावर जुन्या नोकरीबद्दल विचारलं की ते घाबरायचं विसरतात, हे सगळं ताईंच्या डोक्यात होतं आणि कुठेही लिहिलेलं नव्हतं. अशा या ताईंनी राजीनामा दिला होता. फॉर्मवर 'कारण' या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात दोनच शब्द होते: 'कामाचा ताण'. शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाच.

साहेबांनी तो फॉर्म दोनदा वाचला. ताई गेल्या म्हणजे ऑफिस गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय ताई त्यांना मनापासून आवडायच्या. अकरा वर्षांपूर्वी साहेबांचा पहिला दिवस होता तेव्हा लोकांनी त्यांना मुद्दाम चुकीच्या खुर्चीत बसवलं होतं आणि एकट्या ताईंनीच हळूच योग्य खुर्ची दाखवली होती. तेव्हा शुक्रवारच्या आत ताण संपवायचा आणि ताईंना थांबवायचं, असा बेत ठरला.

ताण नेमका कशाचा, हे मात्र साहेब सोडून साऱ्या ऑफिसाला माहीत होतं. साहेबांची एक सवय होती. केबिनमधला फोन वाजायचा, साहेब दार लावून घेऊन दोन मिनिटं कुजबुजायचे आणि मग तरातरा बाहेर येऊन प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहून विचारायचे, "कुठवर आलं?" दर अर्ध्या तासाने. काम संपलेलं असलं तरी, सुरू व्हायचं असलं तरी, आणि एकदा तर कॅलेंडरचं पान उलटणाऱ्या माणसालाही. ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं 'कुठवर'. "कुठवर आले का?" "कुठवर जेवताहेत." साहेबांना याचा पत्ता नव्हता.

सोमवारी ताणमुक्तीचा नारळ फुटला तो एका पेटीने. "मनात जे साचलंय ते चिठ्ठीवर लिहा, नाव नको," असं सांगून साहेबांनी पेटी ठेवली ती आपल्या केबिनच्या काचेसमोर, म्हणजे कोण टाकतंय ते नीट दिसावं. दुपारपर्यंत एकही चिठ्ठी पडली नाही. साहेबांनी बाहेर येऊन चौकशी केली, "चिठ्ठ्या कुठवर आल्या?" तीनपर्यंत पेटी रिकामीच राहिली, तेव्हा त्यांनी प्रत्येकी दोन चिठ्ठ्या सक्तीच्या केल्या. मग लोकांनी एकमेकांना विचारून विचारून चिठ्ठ्या लिहिल्या. 'पंखा आवाज करतो' या मजकुराच्या सहा निघाल्या. पंखा गेलं वर्षभर बंदच होता.

मंगळवारी दीर्घ श्वसन. दहा वाजता सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि साहेब मोजतील तसे दहा श्वास घ्यायचे. पाचव्या श्वासाला ताईंच्या टेबलावर लाल दिवा लागला. ताई उठू लागल्या तर साहेब म्हणाले, "डोळे मिटलेले. लय मोडायची नाही." ताईंनी मग डोळे मिटूनच हात लांब केला आणि रिसीव्हर उचलला. पलीकडे एक निवृत्त बाई एकट्याच लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. मदतीच्या आशेने त्यांनी बटण दाबलं आणि कानावर आला आठ माणसांचा एकसाथ धापा टाकण्याचा आवाज, त्यावर एका पुरुषाचा खोल स्वर: "सोडा. हळूहळू सोडा." दोर सोडताहेत अशी त्यांची खात्रीच पटली. त्यांनी आत जो टाहो फोडला त्याने चार मजल्यांवरची माणसं धावत आली. ताईंना त्यांची समजूत घालायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात साहेबांनी दोनदा येऊन विचारलं, "शांत झाल्या का? कुठवर आलं?"

"ताई, काही फरक पडतोय ना?" संध्याकाळी साहेबांनी आशेने विचारलं.

"पडतोय तर," ताई म्हणाल्या. "आधी शुक्रवार लांब वाटत होता, आता फारच लांब वाटतोय."

साहेब त्या रात्री नीट जेवले नाहीत. बायकोने विचारलं तेव्हा "काही नाही" म्हणाले आणि भाताशी खेळत बसले.

पण हार मानतील ते साहेब कसले? ताण शब्दांतून येतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि बुधवारी फर्मान काढलं: ऑफिसात नकारार्थी शब्द बंद. 'नाही', 'नको', 'बंद', 'बिघाड', 'अडकलं', हे शब्द जो उच्चारेल त्याने पेटीत एक चिठ्ठी टाकायची. आता ज्या ऑफिसात दिवसभर माणसं अडकल्याचेच फोन येतात तिथे हे शब्द काढल्यावर उरतं काय? दुरुस्तीच्या गाड्या कुठून कुठे पाठवायच्या ते ठरवणारा एक गृहस्थ होता, त्याला सगळे नकाशा म्हणत. तो बिचारा मेकॅनिकला सांगू लागला, "मामा, बाजारपेठेतली लिफ्ट दोन माणसांना घेऊन विश्रांती घेतेय." मामा ओरडले, "म्हणजे चालू आहे की बंद?" नकाशाने पेटीकडे पाहिलं, काचेपलीकडच्या साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालू होण्याच्या विचारात आहे." मामांनी फोन आपटला.

गुरुवारीही तेच चाललं. आणि शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी साहेबांचा हुकमाचा एक्का होता: अकरा वाजता गच्चीवर हास्यसत्र. सगळ्यांनी अर्धा तास खदाखदा हसायचं. त्यांनी घरून आठ चटया आणल्या होत्या. मोबाइल बरोबर न्यायचा नाही असा नियम करून त्यांनी स्वतःचा मोबाइल केबिनच्या खणात ठेवला. ताईंचं टेबल सोडून जाता येत नाही म्हणून ताई आणि नकाशा खाली राहिले. बाकीचे सहा जण जिन्याने वर गेले. आठ चटया खांद्यावर घेऊन साहेब लिफ्टपाशी आले.

आता हे सांगायला हवं की, त्या लिफ्टमध्ये ऑफिसातला एकही माणूस पाय ठेवत नसे. शहरभरच्या लिफ्टची नाडी ओळखणाऱ्या लोकांना आपल्या इमारतीतल्या लिफ्टचं काय चाललंय ते एका आवाजात कळत होतं. तिच्या दुरुस्तीचा कागद मात्र चार महिने यादीच्या तळाशी पडून होता, कारण नियमच होता: आधी दवाखाने, मग राहत्या इमारती, मग इतर ऑफिसं, आणि शेवटी आपण. आपलीच तक्रार आपल्याकडेच काय करायची? हा नियम साहेबांचाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नकाशाने साहेबांना लिफ्टच्या दारात पाहिलं आणि तो धावत आला. "साहेब, ही लिफ्ट..." तो बोलता बोलता थांबला. बंद, बिघाड, नको, यांतला कुठलाच शब्द त्याला वापरता येईना. "साहेब, जिना फार सुंदर आहे."

"मग तू जा की जिन्याने," साहेब प्रसन्नपणे म्हणाले.

"साहेब, या लिफ्टला... एकांत आवडतो."

"शाबास. असंच सकारात्मक बोलत जा." साहेबांनी बटण दाबलं. दार लागलं, लिफ्ट वर गेली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये एकदा खोकली आणि थांबली.

साहेबांनी सगळी बटणं दाबून पाहिली. मग दारावर थापा मारल्या. मग, ज्या लाल बटणाच्या जोरावर त्यांचा संसार चालला होता ते बटण आयुष्यात पहिल्यांदा दाबलं.

"नमस्कार. घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे," ताईंचा आवाज आला. "कुठली इमारत?"

"अहो ताई, मी आहे. मी."

"कुठली इमारत?"

"आपलीच हो."

पलीकडे पेन कागदावर चाललं. मग तोच संथ सूर. "आत एकूण किती माणसं?"

"एक. आणि आठ चटया."

"दमा, रक्तदाब, हृदयाचा काही त्रास?"

"नाही."

"ताई, साहेबांनी 'नाही' म्हटलं," मागून नकाशाचा आवाज आला. "चिठ्ठी टाकायला लागेल."

"त्याला गप्प बसवा आणि मामांना बोलवा," साहेब म्हणाले.

"मामा प्रसूतिगृहात आहेत. तिथे नर्सबाई अडकल्यात. मग राहत्या इमारतींतले दोन कॉल आहेत. मग आपण," ताई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे. पंखा आणि दिवा चालू आहे ना? मग बसून घ्या. लाइन मी तोडणार नाही."

लाइन न तोडणं हा ताईंचा बावीस वर्षांचा शिरस्ता होता. अडकलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याला खोलीतले आवाज ऐकू येत राहायचे; कुणीतरी जवळ आहे एवढं कळलं तरी जीव भांड्यात पडतो, असं त्यांचं म्हणणं. साहेब चटयांवर टेकले. चार मिनिटं गेली.

"ताई, मामा कुठवर आले?"

"प्रसूतिगृहातच आहेत."

तीन मिनिटं गेली. "आता कुठवर आलं?"

"तिथेच."

असं नऊ वेळा झालं. दहाव्यांदा साहेबांनी तोंड उघडलं तेव्हा ताई म्हणाल्या, आवाज न चढवता, कुठल्याही अडकलेल्या माणसाला सांगतात तशा: "हे बघा. तुम्ही विचारल्याने मामा लवकर येणार नाहीत. उलट मी तुम्हाला उत्तर देते तेवढा वेळ मामांना पुढचा रस्ता सांगायचा राहतो. म्हणजे तुम्ही जितक्यांदा विचाराल तितका उशीर होईल. कळतंय ना?"

"कळतंय," साहेब म्हणाले. आणि त्यांना खरोखरच कळलं. कळलं ते नुसतं लिफ्टबद्दल नव्हतं. त्यांचे कान तापले. डोळ्यांसमोर अकरा वर्षांच्या खुर्च्यांच्या पाठी दिसू लागल्या, आणि त्यांच्यामागे उभे असलेले आपण. ते गप्प बसले.

गप्प बसल्यावर ऐकू येऊ लागलं. गच्चीवरचे सहा जण परत आलेले दिसत होते. नकाशा मामांना सरळ शब्दांत सांगत होता, "बंद पडलीय, दोन जण अडकलेत, डावीकडून या." कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळी खोली हसली, हास्यसत्र नसताना. कुणीतरी विचारलं, "कुठवर कुठंयत?" "तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये," नकाशा म्हणाला, आणि ताई घाईघाईने म्हणाल्या, "हळू, लाइन चालू आहे." कुठवर म्हणजे कोण, हे साहेबांना उमगायला पाच सेकंद लागली. त्यांना वाईट वाटलं. मग थोडं हसूही आलं, कारण नाव चपखल होतं.

आणि मग त्यांच्या केबिनमधला फोन वाजला.

साहेब ताडकन उठले. "ताई, तो फोन. उचलू नका. नाही, उचला. लवकर उचला. सांगा की झालंच, होत आलंय."

ताई उठून गेल्याचा आवाज आला. केबिनचं दार उघडंच राहिलं असावं, कारण त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "साहेब कामात आहेत... कुठवर आलं म्हणजे? मामा नर्सबाईंना बाहेर काढताहेत. झालं की मी स्वतः कळवीन... अर्ध्या तासाने? कशाला? अर्ध्या तासाने तुम्ही फोन केलात तर मला हातातलं काम सोडून उठावं लागेल. मी कळवते म्हणाले ना. ठेवू?"

साहेबांनी डोळे गच्च मिटले. आता आकाश कोसळणार. कोसळलं नाही. ताई परत येऊन बसल्या.

"काय म्हणाले?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

"बरं म्हणाले."

"बरं? नुसतं बरं?"

"बरं, थँक यू म्हणाले. कोण हो ते? कुठवर आलं, कुठवर आलं करत होते सारखे."

"हेड ऑफिस."

"रोज करतात?"

"दर अर्ध्या तासाने. अकरा वर्षं झाली."

मग ताई म्हणाल्या, "अहो, मग आम्हाला कधी बोलला कसे नाहीत?"

"तुम्हाला उगाच ताण कशाला द्यायचा म्हणून."

हे ऐकल्यावर ताईंना हसू आवरेना. साहेबांनी त्यांना बावीस वर्षांत, म्हणजे स्वतःच्या वाट्याच्या अकरा वर्षांत, इतकं हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी नाक पुसल्यासारखा आवाज झाला.

"ताई," साहेब म्हणाले. लिफ्टच्या भिंतीशी बोलत असल्याने त्यांना धीर आला होता. "मी चुकलो. फार चुकलो. तुम्ही जाऊ नका. ऑफिसचं होईल कसंही, पण तुम्ही तिथे नाही हे मला बघवणार नाही."

"बघू," ताई म्हणाल्या. "आधी तुम्ही बाहेर या. तोवर आडवे व्हा जरा. चटया आहेतच. त्या फोनचं मी बघते."

साहेबांनी एक चटई पसरली. मग ती पातळ वाटली म्हणून आठही पसरल्या. अर्धा तास झाला, फोन वाजला नाही. आणखी अर्धा तास झाला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कुणी काही विचारत नव्हतं आणि त्यांना कुणाला काही विचारायचं नव्हतं. लाइनवरून टाइप केल्याचा आवाज येत होता, कपबशा वाजत होत्या. साहेबांचे डोळे जड झाले.

जाग आली तेव्हा लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नीट उभी होती. दार सताड उघडं होतं, बाहेर 'काम चालू आहे' अशी पाटी टांगलेली होती आणि कुणीतरी त्यांचे बूट काढून व्यवस्थित जोडून ठेवले होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाचला पाच मिनिटं.

ते अनवाणीच जिन्यावरून धावले. ऑफिसात आले तर ताईंची खुर्ची रिकामी. टेबल आवरलेलं. त्यांच्या जागी नकाशा लाइन सांभाळत बसला होता.

"ताई?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या," नकाशा म्हणाला.

साहेब समोरच्या स्टुलावर मटकन बसले. "मला उठवायचं तरी."

"मामांनी एक वाजताच लिफ्ट खाली घेतली. तुम्ही घोरत होतात. ताई म्हणाल्या, उठवलंत तर याद राखा."

"निरोपही घेतला नाही रे त्यांनी."

"निरोप कशाला घेतील? तुमच्या केबिनमध्ये तर गेल्यात. हेड ऑफिसला दिवसाचं काम कळवायला."

साहेबांनी काचेतून पाहिलं. ताई त्यांच्या खुर्चीत बसून फोनवर बोलत होत्या. साहेब दारात आले तसा त्यांनी 'थांबा' असा हात केला, आणि साहेब स्वतःच्या केबिनबाहेर निमूटपणे थांबले. फोन ठेवून ताईंनी एक कागद पुढे सरकवला. राजीनामा मागे घेण्याचा फॉर्म होता.

"हा फोन माझ्या टेबलावर घेणार. एवढीच अट," ताई म्हणाल्या. "आणि याच्यावर तुमची सही पाहिजे. दुपारीच आणला होता, पण तुम्ही झोपला होतात."

साहेबांनी पेन घेतलं. सही करता करता त्यांची नजर 'कारण' या रकान्यावर गेली. तो कोरा होता.

"ताई, इथे काय लिहायचं?"

"लिहा, ताण कमी झाला."

साहेबांनी लिहिलं. मग पेन त्या ओळीवरच टेकवून त्यांनी विचारलं, "पण ताई, कुणाचा?"

ताईंनी कागद त्यांच्या हाताखालून ओढून घेतला.

"ते फॉर्मवर विचारलेलं नाही. बूट घालून या जा."